वाचनालयातील मॉनिटरची वीजबचत : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

जागा : बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावचं वाचनालय, अभ्यासिकेला लागून असलेला संगणक कक्ष. सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी सुट्टी. म्हणून बहुतेक कामं सोमवारची.

यंत्रं : कक्षात ११ डेस्कटॉप, त्यातले ७ विंडोजवर आणि ४ लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीवर. देवघेवीच्या काउंटरवर १ विंडोज, त्याला दोन पडदे. कपाटात एक डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हर, त्यावर कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर. मॉनिटर एकूण १३ : साडेअठरा इंची एलईडी ८, जुने सतरा इंची चौकोनी ३ (आत उजेडासाठी सीसीएफएल नळ्या), काउंटरचे बावीस इंची २.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्यात, टाइप रोमनमध्येच करायच्या. आकडेही. कीबोर्ड मराठीवर राहिला तर १० चा देवनागरी दहा उमटतो आणि विंडोज तो घेत नाही. पहिल्याच दिवशी दहा मिनिटं यात गेली.

२ जून, सोमवार

आधी मोजमाप, सेटिंग नंतर. प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर वापरला. एलईडी मॉनिटर, ब्राइटनेस १०० : १७ वॅट. ब्राइटनेस ४० : ११ वॅट. काळा स्क्रीनसेव्हर लावून : १७ वॅट, म्हणजे काहीच फरक नाही. एलसीडीत मागचा दिवा चालूच असतो, पुढची काच फक्त त्याचा उजेड अडवते. खिडकीला काळं फडकं लावलं म्हणून आतला बल्ब विझत नाही, तसं. पडद्यावर रंगीत नळ्या फिरवणारा स्क्रीनसेव्हर तर उलट प्रोसेसरलाही कामाला लावतो. सगळ्या मशीनवरचे स्क्रीनसेव्हर आज काढून टाकले.

सिग्नल बंद केल्यावर मॉनिटर किती खातो हे या मीटरवर नीट दिसेना, एकदा ०.०, एकदा १.३. स्वस्त मीटर दोन वॅटच्या खाली भरवशाचे नसतात. उपाय सोपा : आठही एलईडी एका एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले, बोर्ड मीटरवर लावला. एकूण ३.४ वॅट, म्हणजे एकाला साधारण ०.४. जुने तीन मिळून २.७, एकाला ०.९. जागे असताना हेच जुने प्रत्येकी ३४ वॅट घेतात. एका चौकोन्याच्या खर्चात दोन एलईडी चालतात.

ब्राइटनेस सगळीकडे ४० वर आणला. खिडकीजवळच्या दोघांना ५५, तिथे दुपारी ऊन येतं. या बचतीला कुणी उठून जायची वाट पाहावी लागत नाही, माणूस समोर बसलेला असतानाही ती होते. टायमरच्या नादात ही सगळ्यात सोपी गोष्ट राहून जाते.

९ जून, सोमवार

विंडोजची सात मशीनं.

डीपीएमएस, म्हणजे संगणकाने मॉनिटरला झोपवायची पद्धत, हे मानक व्हेसा या पडद्यांच्या मानकसंस्थेने १९९३ मध्ये आणलं ते जाड काचेच्या मॉनिटरसाठी. त्यात चालू सोडून तीन अवस्था : स्टँडबायमध्ये आडवा सिंक (चित्राच्या ओळी जुळवणारा सिग्नल) थांबतो, सस्पेंडमध्ये उभा, ऑफमध्ये दोन्ही. जितकी खोल झोप तितका जागं व्हायला वेळ. एलसीडीला या तिन्हींत फरक पडत नाही, तिन्हींत तो दिवा विझवून बसतो. पण शब्द मेनूंमध्ये अजून आहेत, म्हणून लिहून ठेवलं.

विंडोजमध्ये प्रत्येक मशीनवर सेटिंग्जमध्ये शिरण्यापेक्षा एक बॅच फाइल पेनड्राइव्हवर केली आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली. त्यातल्या ओळी (पॉवरसीएफजी ही विंडोजची वीज-सेटिंगची आज्ञा, एसी म्हणजे भिंतीवरची वीज) :

पॉवरसीएफजी /चेंज मॉनिटर-टाइमआउट-एसी ५
पॉवरसीएफजी /चेंज स्टँडबाय-टाइमआउट-एसी ४०
पॉवरसीएफजी /सेटएसीव्हॅल्यूइंडेक्स स्कीम_करंट सब_व्हिडिओ व्हिडिओकॉनलॉक १२०
पॉवरसीएफजी /सेटॲक्टिव्ह स्कीम_करंट

पहिल्या दोन ओळींतले (पडदा विझणं आणि संगणकाची झोप) आकडे मिनिटांत, तिसरीतला सेकंदांत. तिसऱ्या ओळीत ५ लिहिलं तर कुलूप लावलेला पडदा पाच सेकंदांत काळा होतो आणि पासवर्ड टाइप करता करता माणूस वैतागतो. ही तिसरी ओळ विन+एल दाबून लॉक केलेल्या पडद्यासाठी आहे. त्याचा टायमर वेगळा असतो, मुळात तो एक मिनिटाचा असतो आणि नेहमीच्या मेनूत दिसत नाही. चौथी ओळ विसरली तर तिसरी लागूच होत नाही.

हे सेटिंग पॉवर प्लॅनमध्ये बसतं, म्हणजे मशीनवरच्या सगळ्या खात्यांना एकच. स्क्रीनसेव्हर मात्र खात्यागणिक वेगळा. २ तारखेला एकाच खात्यातून काढला होता. वाचकांच्या खात्यात तो तसाच होता. आज तोही काढला.

चौकोनी तिघांसाठी ५ ऐवजी १५ मिनिटं. सीसीएफएल नळी ट्यूबलाइटच्या जातीची, दर थोड्या वेळाने विझवून पेटवली की आयुष्य घटतं, आणि थंड असताना पूर्ण उजेड द्यायला दोनतीन मिनिटं घेते. एलईडीला यातलं काही लागू नाही.

१६ जून, सोमवार

आठवड्याभराची तक्रार वहीत : क्र. ६ आणि काउंटर, दोन्ही पडदे काळे होतच नाहीत. क्र. २ होतो पण पुन्हा आपोआप उजळतो.

क्र. ६ : ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स. 'डिस्प्ले' या मथळ्याखाली ब्राउझरचं नाव आणि कारण 'व्हिडिओ वेक लॉक'. स्पर्धा परीक्षेचं एक व्याख्यान आवाज बंद करून मागच्या खिडकीत चालू ठेवलेलं. ही विनंती जिवंत आहे तोवर विंडोज पडदा विझवत नाही, आणि ते बरोबरच आहे. 'सिस्टिम' या मथळ्याखाली नोंद असती तर पडदा विझला असता, फक्त संगणक झोपला नसता. नुसता आवाज वाजतो तेव्हा तसं होतं. दोन मथळ्यांची गल्लत करू नये. रिक्वेस्ट्सओव्हरराइड वापरून ब्राउझरची विनंती धुडकावता येते, पण मग व्याख्यान ऐकणाऱ्या मुलांचा पडदा दर पाच मिनिटांनी जाईल. केलं नाही. ब्राउझर उठताना बंद करा, एवढीच सूचना भिंतीवर.

काउंटर : रिक्वेस्ट्समध्ये सगळीकडे 'नन'. म्हणजे अडवणारा प्रोग्रॅम नाही, कुठून तरी इनपुट येतंय. बारकोड स्कॅनर स्टँडवर, सतत वाचण्याच्या मोडमध्ये, आणि समोर परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा. वरच्या पुस्तकाचा क्रमांक स्कॅनर पुन्हा पुन्हा वाचत होता. संगणकाच्या दृष्टीने स्कॅनर म्हणजे कीबोर्ड, त्यामुळे प्रत्येक वाचनाला टायमर शून्यावर. स्कॅनरच्या पुस्तिकेतला ट्रिगर मोडचा बारकोड वाचवून घेतला. आता खटका दाबल्यावरच वाचतो.

क्र. २ : चकचकीत सनमायका. ऑप्टिकल माऊसचा सेन्सर गुळगुळीत चकाकत्या पृष्ठभागावर गोंधळतो, वर पंखा फिरला की टेबल थरथरतं. माऊस उलटा करून ठेवला तर पडदा विझलेला राहिला, म्हणजे चोर सापडला. खाली कापडी पॅड घातलं. डिव्हाइस मॅनेजरमधली 'संगणक जागा करू द्या' ही खूण काढून हे सुटत नाही. ती खूण संगणकाच्या झोपेसाठी, पडद्याच्या टायमरशी तिचा संबंध नाही. इंटरनेटवर दर दुसरा माणूस हाच उपाय सांगतो.

१९ जून, गुरुवार

पडदा काळा दिसला की वाचक सीपीयूचं बटण दाबतात. एकाने विचारलंही, "काका, करंट गेला की काय?" दोघांची अर्धवट टाइप केलेली अर्जाची पानं गेली. बटणाचं काम बंद केलं : पॉवरसीएफजी /सेटएसीव्हॅल्यूइंडेक्स स्कीम_करंट सब_बटन्स पीबटनॲक्शन ०, मग सेटॲक्टिव्ह. चार सेकंद दाबून धरलं तर तरीही बंद होतं. ती सोय मदरबोर्डची, आणि अडकलेलं मशीन बंद करायला हवीच.

प्रत्येक मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटपट्टी, मराठी आणि कानडी दोन्हींत : पडदा काळा असेल तर माऊस हलवा, बटण दाबू नका. कानडी ओळ अशी : मौस अल्लाडिसि, बटन ओत्तबेडि. मॉनिटरचा छोटा दिवा पिवळा असेल तर तो झोपलाय, अजिबात नसेल तरच वीज नाही, हेही लिहिलं.

२३ जून, सोमवार

लिनक्स मिंटची चार. इथे अडचण मालकांची : पडद्याच्या टायमरवर एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर, स्क्रीनसेव्हर आणि खाली खुद्द एक्स सर्व्हर (पडद्यावर चित्र काढणारा मूळ प्रोग्रॅम), तिघेही हक्क सांगतात. टर्मिनलमध्ये एक्ससेट डीपीएमएस ० ० ३०० दिलं, पडदा पाच मिनिटांत विझला. लॉग आउट करून परत आल्यावर पुन्हा जुनं. कारण एक्ससेट फक्त त्या सत्रापुरतं, आणि लॉगिन होताच पॉवर मॅनेजर आपले आकडे वर चढवतो. तीन आकड्यांचा क्रम स्टँडबाय, सस्पेंड, ऑफ. शून्य म्हणजे ती अवस्था वापरायची नाही.

ठरवलं : मालक एकच, पॉवर मॅनेजर. त्याच्या डिस्प्ले टॅबमध्ये 'ब्लँक आफ्टर' नेव्हर, 'पुट टू स्लीप' नेव्हर, 'स्विच ऑफ आफ्टर' ५ मिनिटं. नुसतं ब्लँक म्हणजे पुन्हा काळं फडकं. स्क्रीनसेव्हर बंद. मग एक्ससेट क्यू देऊन खात्री : शेवटच्या भागात 'डीपीएमएस इज एनेबल्ड' आणि ऑफ : ३००. एक्ससेट डीपीएमएस फोर्स ऑफ दिलं की पडदा लगेच विझतो, मीटर बघायला पाच मिनिटं थांबावं लागत नाही. एंटरची कळ सोडतानाच पडदा पुन्हा जागा होतो, म्हणून आधी स्लीप २ लिहून मग ही आज्ञा.

लॉगिनचा पडदा वेगळाच एक्स चालवतो, वाचकाच्या खात्यातलं सेटिंग तिथे पोचत नाही. लाइटडीएमच्या (लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये डिस्प्ले-सेटअप-स्क्रिप्ट या ओळीला एक छोटी स्क्रिप्ट जोडली, त्यात तीच एक्ससेटची ओळ. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी दिली नाही तर लॉगिनचा पडदाच येत नाही. एका मशीनवर तसं झालं. कंट्रोल+आल्ट+एफ२ ने टेक्स्ट कन्सोलवर जाऊन सीएचमॉड प्लस एक्सने ती परवानगी दिली.

वेलँडवर (एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था) ही एक्ससेटची वाट बंद आहे. इथे सगळीकडे एक्सच चालतो.

३० जून, सोमवार

क्र. ४ रात्रभर उजळलेला, असं सकाळी झाडणाऱ्या मावशींनी सांगितलं. विंडोज झोपलेलं, पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं : सर्व्हरचा लॉगिन. दुरुस्तीच्या सोयीसाठी सर्व्हरची एचडीएमआय केबल याच मॉनिटरला लावून ठेवलेली, विंडोज व्हीजीएवर. मॉनिटरच्या मेनूत 'ऑटो सोर्स' चालू. विंडोजने सिग्नल थांबवला की मॉनिटर दुसऱ्या तोंडाला जाऊन बघतो, तिथे सर्व्हर जागाच, की हा त्याला दाखवत बसतो.

दोन्ही बाजूंनी बंदोबस्त. मॉनिटरवर ऑटो सोर्स बंद, इनपुट व्हीजीए पक्कं. सर्व्हरवर ग्रबच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळीला कन्सोलब्लँक=३०० जोडून अपडेट-ग्रब. पूर्वी कर्नल दहा मिनिटांनी कन्सोल आपणहून काळा करायचं, आवृत्ती ४.१२ पासून ते मुळातच बंद असतं, म्हणून हे हातानं द्यावं लागतं.

७ जुलै, सोमवार

चार दिवस संततधार. चौकोनी क्र. ९ झोपेतून उठताना : दिवा हिरवा, चित्र दोन सेकंद, मग काळं. तीनचारदा बटण दाबल्यावर टिकतं. सेटिंगचा दोष समजून सगळ्यांनी टायमर चाळले, टायमरचा काही संबंध नाही.

खात्री टॉर्चने. काळ्या पडद्यावर टॉर्च तिरपा धरला तर आत डेस्कटॉपची चिन्हं पुसट दिसतात. चित्र आहे, मागचा उजेड नाही. खरोखर झोपलेल्या मॉनिटरवर टॉर्चमध्येही काही दिसत नाही. या एका चाचणीने अर्धा दिवस वाचतो.

मागची झाकणी उघडली. आधी वीज काढून पंधरा मिनिटं तसाच ठेवला, मग मल्टिमीटर घेऊन ४५० व्होल्टच्या मोठ्या कॅपॅसिटरवर दाब उरलाय का पाहिलं. तो बरंच काही धरून ठेवू शकतो. पुढच्या बाजूचे दोन कॅपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट, डोकी फुगलेली, एकाच्या टोकाला तपकिरी खपली. बोटाने चाचपलं तर शेजारच्या चांगल्या कॅपॅसिटरचं डोकं सपाट लागतं, याचं मध्ये उंचावलेलं. झोपेतही ही पॉवर सप्लाय चालूच असते, वर्षानुवर्षं तापत राहते आणि आतला द्रव आटतो. उठताना नळ्या पेटवायला एकदम ओढ लागते, तेव्हा व्होल्टेज बसतं आणि रक्षक सर्किट दिवा तोडतं. दमट हवेत इन्व्हर्टरवरची (नळ्यांना जास्त व्होल्टेज देणाऱ्या सर्किटवरची) धूळ ओली होऊन तसंच करते, म्हणून ब्रशने तीही झाडली.

बेळगावातून आणलेले नवे : १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशांचे, लो ईएसआर (आतला अडथळा कमी असलेले). व्होल्ट मूळच्याइतके किंवा जास्त चालतात, कमी नाहीत. ८५ अंशांचे स्वस्तात मिळतात, घेऊ नयेत. उंची आधी मोजावी, नाहीतर झाकणी बसत नाही. पांढरी पट्टी ऋण बाजूला. जोडून दहा वेळा झोपवून उठवला, दहाही वेळा टिकला.

क्र. १० आणि ११ उघडून पाहिले. ठीक आहेत.

१४ जुलै, सोमवार

काउंटरचे दोन पडदे. दोन्ही डिस्प्लेपोर्टवर. झोपेतून उठले की कोहाची खिडकी वाचकाकडच्या पडद्यावर गेलेली असते. डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर गाढ झोपला की केबल उपटल्यासारखा गायब होतो, विंडोज सगळ्या खिडक्या उरलेल्या पडद्यावर ढकलतं. मॉनिटरच्या मेनूत 'डीप स्लीप' बंद केलं. झोपेतला खर्च अर्ध्या वॅटने वाढला, खिडक्या जागच्या जागी राहिल्या. परवडतं.

आणखी एक : लाईट गेल्यावर काउंटरचा पडदा कधीच विझत नव्हता. त्याच्या यूपीएसची यूएसबी केबल संगणकाला लावलेली, त्यामुळे विंडोज त्याला बॅटरी समजतं आणि लाईट गेली की लॅपटॉपसारखं डीसीच्या आकड्यांवर जातं. बॅच फाइलमध्ये फक्त एसीचे आकडे होते. मॉनिटर-टाइमआउट-डीसी २ घातलं. बॅटरीवर असताना २२ वॅट वाचणं म्हणजे काउंटरला काही मिनिटं जास्त.

२१ जुलै, सोमवार

संगणकाची झोप. रिकामा बसलेला डेस्कटॉप ४० वॅटच्या आसपास घेतो, एलईडी मॉनिटरच्या तिप्पटचौपट. खरी मोठी बचत इथे. चाळीस मिनिटांचा टायमर ९ जूनलाच दिला होता. क्र. ३ रात्री आपोआप उठायचा. पॉवरसीएफजी /लास्टवेक : नेटवर्क कार्ड. त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'फक्त मॅजिक पॅकेट'वर (मुद्दाम जागं करायला पाठवलेला संदेश) खूण केली. हायब्रिड स्लीप सगळीकडे चालू ठेवली. झोपेत असताना यूपीएसही संपला तरी उघडी फाइल डिस्कवर असते.

२८ जुलै, सोमवार

रात्री साडेआठ, पंखे दिवे बंद, सगळं बंद. वाचनालयाच्या वीजमीटरवरचा लाल दिवा तरी लुकलुकतोय. मीटरवर लिहिलंय ३२०० इंपल्स प्रति युनिट, म्हणजे मिनिटाला एक लुकलुक = १८.७५ वॅट. पाच मिनिटं मोजलं : मिनिटाला ६. साधारण ११२ वॅट.

सर्व्हर ३५. झोपलेले तेरा मॉनिटर मिळून आठही नाहीत. उरलेले सत्तरच्या घरात कुठे? बारा यूपीएस, प्रत्येकी सुमारे ६ वॅट, पुढचं बटण बंद असूनही; ट्रान्सफॉर्मर आणि चार्जर भिंतीवरून खातच राहतात. दोन महिने मॉनिटरच्या अर्ध्या अर्ध्या वॅटमागे धावलो आणि हे टेबलाखाली बसून होते.

रात्रीचा क्रम बदलला : संगणक बंद, यूपीएसचं बटण बंद, मग भिंतीवरचं. भिंतीवरचं आधी बंद केलं तर यूपीएस बॅटरीवर जाऊन रात्रभर कुईकुई करतो. संध्याकाळी लाईट जाऊन बॅटरी उतरलेली असेल त्या दिवशी भिंतीवरचं चालूच ठेवायचं. उतरलेली लेड बॅटरी तशीच राहिली की खराब होते.

११ ऑगस्ट, सोमवार

रात्रीची मोजणी पुन्हा : मिनिटाला २. सर्व्हर तेवढा उरला.

हिशेब वहीत मांडला तो असा. एलईडी ८ × ११ = ८८ वॅट, चौकोनी ३ × ३४ = १०२, काउंटर ४४; एकूण २३४. दिवसाला चार तास पडदे रिकामे धरले तर ९३६ वॅट-तास, महिन्याच्या २६ दिवसांत २४ युनिटं. यूपीएसचे ७२ वॅट रात्री बारा तास, ३० रात्री : २६ युनिटं. संगणकांची झोप यात धरलेली नाही, ती वेगळी मोजायची आहे.

विंडोज १० वरची दोन मशीनं (क्र. १ आणि ७) : मायक्रोसॉफ्टच्या आधाराची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच. त्यांवर मिंट जाणार, तेव्हा २३ जूनची नोंद बघून पॉवर मॅनेजर लावायचा. क्र. ५ ची चिकटपट्टी कुणीतरी सोलून काढली आहे, नवी लावायची.